उपाशी यकृत आणि लचकलेली रेघ : टाइप १ मधुमेहातलं एक प्रकरण

ग्रोथ हार्मोन ११.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. रिपोर्टवरच्या या आकड्याभोवती कुणीतरी लाल पेनने गोल काढला होता आणि समासात लिहिलं होतं, 'पिट्यूटरीचा एमआरआय करावा', म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या, हे हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथीचा. कागद माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "डॉक्टर, शुगर होतीच, आता डोक्यात गाठपण आहे का?"

तिचं वय २८. टाइप १ मधुमेह बाराव्या वर्षी कळला, म्हणजे आजाराला सोळा वर्षं झालेली. एकोणिसाव्या वर्षापासून ती माझ्याकडे येते, मधली दोनेक वर्षं सोडली तर. आर्किटेक्टच्या ऑफिसात आराखडे काढण्याचं काम करते. (ओळख पटू नये म्हणून तपशिलांची अदलाबदल केली आहे आणि दोन फायलींतले काही आकडे इकडचे तिकडे केले आहेत.)

त्या दिवशीची स्थिती अशी होती. वजन ५४ किलो, रक्तदाब १३४/८६, एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा माप, ११.६ टक्के. मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय का ते सांगणारं लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ७२ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, जे ३० च्या आत हवं. रक्तातलं क्रिएटिनिन ०.८. एलडीएल कोलेस्टेरॉल १४८. वहीप्रमाणे रोजचं इन्सुलिन ६२ युनिट. डोळ्यांची शेवटची तपासणी चौदा महिन्यांपूर्वीची होती आणि तिच्यात दृष्टिपटलावर 'मध्यम स्वरूपाचे बदल, नव्या रक्तवाहिन्या नाहीत' असा शेरा होता. हा शेवटचा आकडा, चौदा महिने, लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, आणि पुढची अर्धी गोष्ट त्यातूनच घडली.

थकवा जात नाही म्हणून तिने स्वतःच एका प्रयोगशाळेत 'संपूर्ण हार्मोन प्रोफाइल' करून घेतलं होतं. अशी पॅकेजं हा आमच्या शाखेला मिळालेला एक नवा ताप आहे. वीस तपासण्या एकदम केल्या की एखादी तरी चौकटीबाहेर जाणारच, आणि मग तिच्यासाठी आणखी दहा. पण या वेळी कबूल करतो, त्या पॅकेजमुळे माझंच काम झालं. ग्रोथ हार्मोन ११.२, जास्त. आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या हुकमावरून यकृत बनवतं तो वाढीचा घटक, फक्त ८२, तिच्या वयाला कमी. सेक्स हार्मोन बांधून ठेवणारं ग्लोब्युलिन, म्हणजे एसएचबीजी, चढं. टेस्टोस्टेरॉन किंचित वर. थायरॉइडला हाकणारं टीएसएच ९.८, म्हणजे चढं, आणि खुद्द थायरॉइडचं फ्री टी-४ खालच्या काठावर. सकाळचं कॉर्टिसॉल १७, ठीक. सी-पेप्टाइड, जे स्वादुपिंड स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटतं, मोजता येण्याच्याही खाली. प्रोलॅक्टिन ठीक.

गाठ नाही, कारण आयजीएफ-१ कमी आहे

एमआरआयचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. ग्रोथ हार्मोन रक्तात लाटांनी येतं. एखादी लाट चालू असताना सुई टोचली तर आकडा मोठा दिसतो, अर्ध्या-पाऊण तासाने तोच खाली आलेला असतो. म्हणून एकट्या ग्रोथ हार्मोनच्या आकड्यावर कुणी निदान करत नाही. पिट्यूटरीच्या गाठीतून ते सतत पाझरत असेल तर यकृत त्याच्या हुकमाने आयजीएफ-१ भरपूर बनवतं आणि तो आकडा दिवसभर चढाच राहतो. हिचा आयजीएफ-१ उलट खाली होता. हुकूम मोठ्या आवाजात येतोय आणि कारखाना बंद आहे, अशी अवस्था. गाठीत असं होत नाही, उपासमारीत होतं. आणि टाइप १ मधुमेहात होतं.

हे का होतं ते समजलं की तिच्या रिपोर्टातल्या जवळजवळ सगळ्या विचित्र आकड्यांना एकच किल्ली लागते, म्हणून इथे थोडा वेळ काढतो.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं ते थेट सगळ्या शरीरात नाही, तर प्रतिहारी शिरेत, जी आधी यकृतात जाते. त्यामुळे यकृताला मिळणारं इन्सुलिन हातापायांच्या रक्तातल्यापेक्षा दोन-तीन पट दाट असतं. त्यातलं निम्मं-अधिक यकृत पहिल्याच फेरीत वापरून टाकतं आणि उरलेलं पुढे जातं. आपण टोचतो ते इन्सुलिन कातडीखाली जातं, तिथून सगळ्या शरीरात पसरतं आणि यकृताला इतरांच्या पंक्तीत बसून तेवढंच मिळतं. म्हणजे रुग्णाच्या स्नायूंना आणि चरबीला गरजेपेक्षा थोडं जास्त, आणि यकृताला गरजेपेक्षा कमी. रक्तातली साखर बरी असली तरी ही उलटापालट राहतेच. साखर बिघडलेली असेल तर यकृताचे हाल विचारू नका.

इन्सुलिन कमी पोचलं की यकृताच्या पेशींवरचे ग्रोथ हार्मोनचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू, कमी होतात. आयजीएफ-१ बनत नाही. आयजीएफ-१ ला पकडून ठेवणारं एक प्रथिन, आयजीएफबीपी-१, इन्सुलिनच्या धाकात असतं. धाक सुटला की ते वाढतं आणि उरलासुरला आयजीएफ-१ ही बांधून टाकतं. मेंदूला खालून 'पुरे झालं' हा निरोप येत नाही, म्हणून पिट्यूटरी ग्रोथ हार्मोनच्या लाटा आणखी मोठ्या करते. त्या लाटा पहाटेच्या सुमारास यकृताला साखर सोडायला लावतात आणि स्नायूंना इन्सुलिन ऐकू येऊ देत नाहीत. पहाटे चारनंतर चढणारी साखर, जिच्याबद्दल प्रत्येक टाइप १ रुग्ण कुरकुरतो, ती बऱ्याच अंशी इथून येते. तारुण्यात पदार्पण करताना तर ग्रोथ हार्मोन तसंही उसळत असतं. तिचा आजार नेमका त्याच वयात सुरू झाला होता.

एसएचबीजीसुद्धा यकृतच बनवतं आणि इन्सुलिन त्याला दाबतं, म्हणून ते चढं. टेस्टोस्टेरॉन किंचित वर, कारण बीजकोशांना मात्र टोचलेलं इन्सुलिन भरपूर मिळत होतं. एकाच बाईच्या एकाच दिवशीच्या रक्तात यकृत उपाशी आणि बीजकोश तुडुंब!

हे निव्वळ तर्क नाहीत. पोटाच्या पोकळीत इन्सुलिन सोडणारे रोपण केलेले पंप काही देशांत वापरले गेले आहेत; तिथून इन्सुलिनचा मोठा वाटा प्रतिहारी शिरेत जातो, आणि अशा रुग्णांत आयजीएफ-१ वर सरकताना दिसलेला आहे. वाट बदलली की आकडा बदलतो.

कार्ट्रिजचा हिशेब

वहीत ६२ युनिट, वजन ५४ किलो. किलोमागे एक युनिटहून जास्त इन्सुलिन घेऊनही एचबीए१सी ११.६? असं असेल तर एक तर इन्सुलिन खराब होतंय, किंवा टोचण्याच्या जागा गाठाळल्यात, किंवा ते घेतलंच जात नाही. पोटावर हात फिरवून पाहिला, गाठी फारशा नव्हत्या. मग मी विचारलं, महिन्याला पेनची किती कार्ट्रिज आणतेस?

"चार."

एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट. रोज ६२ म्हणजे महिन्याला १८६० युनिट, सहाहून जास्त कार्ट्रिज. चारमध्ये रोजचे ४० बसतात. ती काही बोलली नाही, मीही थोडा वेळ गप्प बसलो. मग तिने सांगितलं की रात्रीचा डोस ती बरेचदा सोडते. दोन वर्षांपूर्वी झोपेत साखर ३८ पर्यंत उतरली होती, घरच्यांनी उठवलं नसतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक. आणि दुसरं, इन्सुलिन नीट घेतलं की वजन वाढतं. हे दुसरं कारण सांगताना तिचा आवाज जास्त खाली गेला.

जी भीती तिच्या वहीत नव्हती, ती हार्मोनच्या रिपोर्टात होती. रात्रीचं इन्सुलिन नाही म्हणजे नेमक्या ग्रोथ हार्मोनच्या लाटांच्या वेळी यकृत कोरडं. आयजीएफ-१ ८२ चा मोठा हिस्सा त्या सुटलेल्या डोसांचा होता.

थायरॉइडचं वेगळं होतं. ते या किल्लीने उघडत नाही. टाइप १ मधुमेह हा स्वप्रतिकारशक्तीचा आजार आहे आणि तीच शक्ती थायरॉइडवरही उलटते, ही जोडी फार जुनी ओळखीची. थायरॉइडवर उलटणारे टीपीओ प्रतिपिंड तपासले, भरपूर होते. थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतं, रक्तवाहिन्यांची आतली कड सैल होण्याची क्षमता घटते, लाल पेशी जास्त दिवस टिकल्याने एचबीए१सी थोडं फुगून दिसू शकतं आणि आयजीएफ-१ आणखी खाली जातो. म्हणजे तिचे निदान तीन आकडे थायरॉइडनेही ढकललेले होते. लिव्होथायरॉक्सिन सुरू केलं.

सी-पेप्टाइड शून्यवत, सोळा वर्षांनी अपेक्षितच. थोडंसं का होईना ज्यांचं टिकतं, त्यांना डोळ्यांचे त्रास आणि साखर एकदम उतरण्याचे प्रसंग कमी येतात, हे अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी अभ्यासात दिसलं होतं. ते पेप्टाइड स्वतः राखण करतं की जिवंत उरलेल्या बीटा पेशींची ती नुसती पावती आहे, यावर वाद आहे. बाहेरून देऊन पाहिलं तर अपेक्षित फायदा मिळालेला नाही.

पंप, आणि मी काय विसरलो

इन्सुलिन पंप आणि सतत साखर मोजणारा सेन्सर दोन्ही लावायचं ठरलं. रात्री साखर उतरू लागली की सेन्सर ओरडतो आणि पंप थांबतो, हे समजल्यावर तिची रात्रीची भीती बरीच गेली. वजनाबद्दल आहारतज्ज्ञांनी तिच्याशी तीन वेळा बसून बोलणं केलं. रक्तदाब आणि लघवीतल्या अल्ब्युमिनसाठी एनालाप्रिल ५ मिलिग्रॅम, पुढे १० केलं.

एनालाप्रिलबद्दल थोडं. मूत्रपिंड हाही संप्रेरकांचा कारखाना आहे, आणि मधुमेहात त्याचं वागणं चमत्कारिक असतं: त्याचं रेनिन हे रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीची पहिली कडी; रक्तातलं सक्रिय रेनिन मोजा, ते सामान्य किंवा कमीच येतं, पण त्याचं कच्चं रूप, प्रोरेनिन, वाढलेलं असू शकतं. स्टॅनफर्डच्या जॉन ल्यूचर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं की प्रोरेनिन चढं असलेल्या मधुमेहींत डोळे आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार जास्त आढळतात. मुलांमध्ये तर लघवीत अल्ब्युमिन दिसायच्या आधीच ते वर गेलेलं आढळलं. या विषयातला मला सर्वात आवडणारा शोध हाच, कारण रक्तातलं संप्रेरक रक्तवाहिन्यांबद्दल आधी बोलल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. दुर्दैवाने रोजच्या व्यवहारात प्रोरेनिन कुणी मोजत नाही. पण त्याच साखळीच्या पुढच्या कडीवर औषध आहे. १९९३ मध्ये टाइप १ मधुमेहातल्या मूत्रपिंडविकाराच्या ४०९ रुग्णांवर एनालाप्रिलच्याच जातीच्या कॅप्टोप्रिलची चाचणी झाली, त्यात क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. २००९ च्या दुसऱ्या एका चाचणीत, ज्यांच्या लघवीत अजून अल्ब्युमिन नव्हतं अशा टाइप १ रुग्णांत, एनालाप्रिल आणि लोसार्टानने मूत्रपिंडाच्या ऊतीत काही फरक पडला नाही, पण डोळ्यांचा विकार पुढे सरकण्याची शक्यता अनुक्रमे ६५ आणि ७० टक्क्यांनी घटली. मूत्रपिंड वाचवायला निघालेलं औषध डोळ्याला कामी आलं. हे औषध गरोदरपणात चालत नाही, म्हणून त्याबद्दल तिच्याशी आधीच स्पष्ट बोललो.

चौथ्या महिन्यात एचबीए१सी ७.३. पंपातून रोज ४६ युनिट खरोखर जात होते. अल्ब्युमिन ७२ वरून ४६. एलडीएल ११२. थकवा गेलेला. मी तिच्या फाइलवर 'उत्तम' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मध्ये एकदाच गडबड झाली. तिसऱ्या महिन्यात दुपारची साखर वरचेवर उतरू लागली, इन्सुलिन कमी करत जावं लागलं. टाइप १ आणि थायरॉइड या जोडीत तिसरा पाहुणा येऊ शकतो, अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचा, आणि तो असाच, साखर उतरवत येतो. थायरॉक्सिन चालू असताना तो सुटून गेला तर जिवावर बेतू शकतं. अधिवृक्क ग्रंथीला डिवचून कॉर्टिसॉल किती वाढतं ते बघणारी सिनॅक्थेन चाचणी केली. कॉर्टिसॉल व्यवस्थित वाढलं. साखर सुधारल्यावर शरीर इन्सुलिनचं जास्त ऐकू लागतं, एवढंच ते होतं.

सातव्या महिन्यात तिचा फोन आला. "डॉक्टर, स्क्रीनवरची सरळ रेघ मधेच लचकते. आधी मला वाटलं सॉफ्टवेअरचं काहीतरी झालंय. मग भिंतीची कडपण लचकली."

डोळा

त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. उजव्या डोळ्याची दृष्टी ६/१८, डाव्याची ६/९. उजव्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मधोमध सूज, ओसीटीवर, म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर, मध्यभागाची जाडी ४१२ मायक्रॉन. दृष्टिनाडीच्या तोंडाशी नव्या, कच्च्या रक्तवाहिन्यांचं जाळं. दोन्ही डोळ्यांत कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग, म्हणजे जिथे रक्तपुरवठा तुटलाय अशा जागा.

एचबीए१सी ११.६ असताना डोळे शांत दिसत होते आणि ७.३ झाल्यावर पेटले. घरच्यांनी साहजिकच विचारलं, मग पूर्वीचंच बरं नव्हतं का?

ही गोष्ट अनपेक्षित नाही. मी ती विसरलो, हे खरं दुखणं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली की आधीच खराब असलेलं दृष्टिपटल काही काळ आणखी बिघडू शकतं. ऐंशीच्या दशकात ओस्लोतल्या आणि अमेरिकेतल्या छोट्या चाचण्यांत हे दिसलं तेव्हा खळबळ उडाली होती. डीसीसीटीत सहा ते बारा महिन्यांच्या टप्प्यावर काटेकोर उपचारांच्या गटात १३.१ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ७.६ टक्के जणांचे डोळे असे बिघडले. सुरुवातीचं एचबीए१सी जितकं जास्त आणि उतार जितका मोठा, तितका धोका अधिक. आमच्या रुग्णाचा उतार ४.३ अंशांचा होता.

पंप लावायच्या आधी, चौदा महिने जुन्या अहवालावर न विसंबता, बाहुल्या मोठ्या करून डोळे पुन्हा तपासून घ्यायला हवे होते. बहुधा तेव्हाच गंभीर बदल दिसले असते, लेझर आधी झालं असतं आणि साखर नंतर उतरवली असती. ते मी केलं नाही. तिलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "मीपण तर दोनदा डोळ्यांची अपॉइंटमेंट रद्द केली होती." तो मोठेपणा तिचा.

आता पुन्हा हार्मोनकडे. तिच्या रक्ताचा जुना अहवाल होताच. मी आयजीएफ-१ परत करायला सांगितलं. पहिल्या वेळचा ८२, आता १७६. तिच्या वयाच्या चौकटीत नीट बसणारा आकडा. प्रयोगशाळेने त्यापुढे खूणही केली नव्हती. लाल गोलवाला ११.२ हा आकडा निरर्थक होता, आणि कुणी ढुंकूनही न पाहिलेला हा १७६ खरं काही सांगत होता.

यकृताला सात महिने रोज रात्री न चुकता इन्सुलिन मिळालं. ग्रोथ हार्मोनचे ग्राहक परत आले, कारखाना चालू झाला. त्यात थायरॉइडही सुधारलं. आयजीएफ-१ दुपटीहून वर गेला. इकडे दृष्टिपटलात ज्या जागा रक्ताविना तडफडत होत्या, त्या व्हीईजीएफ नावाचा नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा संदेश आधीपासूनच सोडत होत्या. व्हीईजीएफला आपलं काम पुरतं करायला आयजीएफ-१ ची संमती लागते, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांवरून दिसतं. बी पेरलेलं होतं, पाणी आता मिळालं. हे एकमेव कारण नाही. साखर उतरल्यावर दृष्टिपटलाचा रक्तप्रवाह घटतो, मधेमधे ती फार खाली जाते, त्याचाही वाटा धरतात. पण आयजीएफ-१ ची ही उडी आणि डोळ्यांचं बिघडणं यांची वेळ जुळते. टाइप १ मधुमेहामुळे वाढ खुंटलेल्या, यकृत सुजलेल्या मुलांचं जे चित्र पिएर मोरियाक यांनी १९३० मध्ये मांडलं, त्या मुलांनाही इन्सुलिन नीट सुरू केल्यावर कधीकधी डोळ्यांचा असाच झटका येतो.

थांबा, एक शंका वाजवी आहे. आयजीएफ-१ कमी तेही वाईट आणि वाढला तरी वाईट? दोन्ही खरं. दीर्घकाळ कमी आयजीएफ-१ म्हणजे दीर्घकाळ उपाशी यकृत, उसळलेलं ग्रोथ हार्मोन, बिघडलेली साखर. त्यात रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं झिजतात. आणि झिजलेल्या रक्तवाहिन्यांवर तो अचानक वाढला तर काही महिने धोका. वेळ बदलली की त्याच आकड्याचा अर्थ उलटतो. म्हणूनच एका दिवसाच्या हार्मोन प्रोफाइलवरून कुणाच्या रक्तवाहिन्यांचं भविष्य सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

"मग ग्रोथ हार्मोनच बंद करा ना"

हे ती म्हणाली, आणि प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. वैद्यकाने हे एकदा केलेलं आहे.

अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांनी १९३० च्या सुमारास स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची पिट्यूटरीही काढली, तर मधुमेह सौम्य झाला. १९४७ मध्ये नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा या कामासाठी होता. मग १९५३ मध्ये डेन्मार्कच्या पॉल्सेन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकिकत छापली. बाळंतपणानंतर तिची पिट्यूटरी मरून गेली होती, आणि तिच्या दृष्टिपटलाचा विकार मागे हटला होता. एका बाईच्या दुर्दैवातून उपचाराची दिशा निघाली. स्टॉकहोममध्ये लुफ्त आणि ऑलिव्हक्रोना पिट्यूटरी काढण्याच्या शस्त्रक्रिया करू लागले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात नाकावाटे किरणोत्सारी यट्रियमचे कण पिट्यूटरीत ठेवले जाऊ लागले. काहींचे डोळे खरोखर वाचले. पण मग कॉर्टिसॉल गेलं, थायरॉइड गेलं, मूल होण्याची शक्यता गेली, आणि साखर उतरली तर तिला सावरणारे संप्रेरकच नाहीत, म्हणून काही रुग्ण त्यातच दगावले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की लेझरने गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून कमी होतो, आणि पिट्यूटरी काढणं इतिहासजमा झालं.

पुढे ग्रोथ हार्मोनचा ग्राहक अडवणारं पेगव्हिसोमंट आलं तेव्हा वाटलं, आता ग्रंथी न काढता तेच साधेल. २००१ मध्ये निकाल आला: बारा आठवड्यांत कुणाच्याही नव्या रक्तवाहिन्या मागे हटल्या नाहीत. माझा अर्थ असा की डोळ्यातली आग एकदा व्हीईजीएफच्या हाती गेली की मग दूरच्या पिट्यूटरीशी भांडून उपयोग नाही. आग लागली तिथेच पाणी मारायला हवं.

तसंच केलं. उजव्या डोळ्यात व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शनं दरमहा, पहिल्या वर्षात एकूण आठ. दोन्ही डोळ्यांच्या परिघावर टप्प्याटप्प्याने लेझर: ज्या भागाला रक्त मिळत नाही तो जाळून टाकला की त्याची मागणीच संपते. रात्रीची आणि कडेची नजर त्यात थोडी जाते, ते तिला आधी सांगितलं होतं. ती आता अंधारात गाडी चालवत नाही.

साखर परत चढू द्यायची का? नाही. डीसीसीटीतले ज्यांचे डोळे सुरुवातीला बिघडले, त्यांचंही पुढे काटेकोर उपचारांत बरंच चाललं. आधी निरोगी डोळे असलेल्यांत तर विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. साखर हळूहळू उतरवल्याने हा झटका टळतो असंही सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे पंप जसा होता तसाच ठेवला, फक्त साखर फार खाली जाऊ नये म्हणून रात्रीची मर्यादा थोडी वर नेली. हा निर्णय घरच्यांना पटवायला दोन बैठका लागल्या. तिच्या वडिलांना मी कागदावर आलेख काढून दाखवला, तरी जाताना ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणून."

आज पंप लावून दोन वर्षं होत आली. उजवी दृष्टी ६/९, डावी ६/६. नव्या रक्तवाहिन्या सुकल्या आहेत. एचबीए१सी ७.१, अल्ब्युमिन गुणोत्तर ३१, टीएसएच २.४. आयजीएफ-१ शेवटचा केला तेव्हा १६९ होता. त्यानंतर मी तो पुन्हा केलेला नाही, कारण त्यावरून पुढचं काही ठरणार नव्हतं. पेनची दोन कार्ट्रिज ती फ्रीजमध्ये ठेवते, पंप बिघडला तर म्हणून.

तपासणीला येताना ती चौकटींचा एक कागद आणते, मधे टिंब असलेला, एकेका डोळ्याने बघायचा. उजव्या डोळ्याला डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातली एक रेघ अजून किंचित वाकडी दिसते. दर रविवारी ती तिथे पेन्सिलीने बारीक खूण करते आणि शेजारी तारीख लिहिते. गेले सात महिने खुणा एकावर एक पडत आहेत.